हॅलोविनच्या संध्याकाळी पोरांना सांभाळायचं कसं: ड्रायव्हरच्या सीटवरून

ऑक्टोबर लागला की आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन गोष्टी ठरलेल्या. एक, हॅलोविनची फेरी कुठल्या बिल्डिंगपासून सुरू करायची यावरून वाद. दुसरी, चॉकलेटात ब्लेड सापडल्याचा कुठल्यातरी परदेशातला फोटो आणि खाली ‘पालकांनो सावधान’. वादात मी पडत नाही. फोटोबद्दल मात्र बोलायला हवं, कारण त्याच्यापायी आईबाप चॉकलेटं उजेडात धरून तपासत बसतात आणि पोर काळोखात रस्ता कसं ओलांडतं ते कुणी बघत नाही.

मी मूळचा गोव्यातल्या पेडण्याचा. नोकरी सगळी कदंबच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी बसवर, स्टिअरिंगमागे गेली. निवृत्त झाल्यावर पर्वरीला मुलाकडे आलो. नात आठ वर्षांची, नातू पाचचा. आमच्या लहानपणी देवचाराचं, म्हणजे भुताचं, नुसतं नाव काढलं तरी तिन्हीसांजेनंतर पोरं अंगणाबाहेर पाऊल टाकत नव्हती. आताची पोरं स्वतःच भूत होऊन शेजाऱ्यांच्या बेल वाजवतात आणि वर ‘ट्रिक ऑर ट्रीट’ म्हणून खाऊ वसूल करतात. मला त्यात काही वावगं दिसत नाही. फ्लॅटमधली माणसं त्या निमित्ताने एकमेकांची तोंडं तरी बघतात. पण जी संध्याकाळ म्हणजे ढीगभर पोरं काळे कपडे घालून एकदम बाहेर पडणार, तिची तयारी गाडी चालवणाऱ्याच्या नजरेने करावी, हे माझं मत.

आधी त्या ब्लेडचं आणि विषाचं. ही भीती अमेरिकेतून आली, आणि तिथल्याच एका समाजशास्त्रज्ञाने, डेलावेअर विद्यापीठातल्या जोएल बेस्ट यांनी, अनेक दशकांच्या बातम्या खणून काढल्या. अनोळखी माणसाने दारात आलेल्या पोराला विषारी खाऊ देऊन मारलं, अशी एकही खात्रीची घटना त्यांना सापडली नाही. १९७४ साली टेक्ससमध्ये एक मुलगा सायनाइड घातलेल्या गोळीच्या भुकटीने गेला खरा, पण ती त्याला दिली होती त्याच्या सख्ख्या बापाने, विम्याच्या पैशांसाठी. आता दुसरी बाजू बघा. २०१८ साली तिथल्या बालरोगांवरच्या एका नावाजलेल्या वैद्यकीय नियतकालिकात १९७५ ते २०१६ अशा ४२ वर्षांच्या रस्ते अपघातांचा हिशेब छापून आला. हॅलोविनची संध्याकाळ आणि तिच्या आठवडाभर आधीची व नंतरची संध्याकाळ, अशी तुलना होती. पायी चालणाऱ्याचा जीव जाण्याचा धोका हॅलोविनला ४३ टक्क्यांनी जास्त निघाला. चार ते आठ वर्षांच्या पोरांच्या बाबतीत तर दहापट. माझी दोन्ही नातवंडं नेमकी त्या वयात बसतात, म्हणून हा आकडा माझ्या डोक्यातून जात नाही.

हे आकडे अमेरिकेचे. तिथे बऱ्याच वस्त्यांत फुटपाथ असतात, आपल्याकडे सुकूर किंवा तोर्डाच्या आतल्या रस्त्याला गटार आणि डांबर यांच्या मधे हातभर गवत असलं तर नशीब. तेव्हा धोका आपल्याकडे कमी असेल, असं समजायचं काही कारण मला दिसत नाही.

तर पहिली गोष्ट वेळेची. ३१ ऑक्टोबरला आपल्याकडे सहाच्या पुढे पाच-दहा मिनिटांत सूर्य मावळतो आणि साडेसहाला चांगलंच काळोखतं. नेमकी हीच वेळ ऑफिसं सुटून पणजीहून सगळ्या गाड्या परत येण्याची. त्यामुळे सात वर्षांखालच्या पोरांची फेरी साडेपाचला काढायची आणि काळोख पडायच्या आत संपवायची. ‘पण काळोख नसला तर भुताची मजा काय?’ असं एक आई मला म्हणाली. मी म्हटलं, मजा जिन्यात लाइट बंद करून करा, रस्त्यावर नको. मोठ्या पोरांनी साडेसहा ते साडेसात फिरावं, पण फक्त गेटच्या आत. साडेसातला कार्यक्रम संपला म्हणजे संपला.

आता कपडे. इथे मी जरा रेंगाळणार आहे.

पन्नासच्या वेगाने गाडी सेकंदाला चौदा मीटर जाते. समोर काहीतरी दिसलं, ते काय आहे हे डोक्यात शिरलं आणि पाय ब्रेकवर गेला, एवढ्यात चांगल्या ड्रायव्हरचाही सेकंद-दीड सेकंद जातो. म्हणजे वीस मीटर नुसते विचारातच गेले, ब्रेक लागून गाडी थांबायला आणखी बारा-पंधरा हवेत. आणि डिम लाइटवर काळा झगा घातलेलं पोर वीस-पंचवीस मीटरवर आल्याशिवाय दिसत नाही. बेरीज तुम्हीच करा. यात ड्रायव्हर दारू प्यालेला नाही, फोनवर बोलत नाही, समोरून कुणी हाय बीम मारत नाही, हे सगळं धरलेलं आहे. आणि पर्यटनाच्या हंगामात पर्वरी-कांदोळी पट्ट्यात हे सगळं धरून चालणारा माणूस भाबडाच म्हणायचा. काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेली भाड्याची स्कूटर किंवा जीप दिसली की समजायचं, चालवणाऱ्याचं अर्धं लक्ष मोबाइलच्या मॅपवर आहे आणि पुढचं वळण त्याला माहीत नाही.

यावर उपाय स्वस्त आहे. रिफ्लेक्टर टेप. ट्रकच्या मागे चिकटवतात ती स्पेअर पार्टच्या दुकानात मिळते. कापडावर शिवायची, सेफ्टी जॅकेटवर असते तसली, हार्डवेअरवाल्याकडे मिळते. कपड्यासाठी ही दुसरी घ्या, पहिली धुतली की सोलून येते. लावायची कुठे, यात लोक चुकतात. सगळे छातीवर लावतात. डिम लाइटचा झोत खाली पडतो, त्यामुळे आधी उजळतात ते पाय. दोन्ही घोट्यांभोवती एकेक पट्टी, दोन्ही मनगटांवर एकेक, आणि पाठीवर एक आडवी. घोट्याची पट्टी चालताना वरखाली हलते आणि हलतंय ते माणूस आहे हे ड्रायव्हरला लगेच कळतं. नुसती छातीवर चमकणारी पट्टी लांबून मैलाच्या दगडासारखी वाटू शकते. नातीने विचारलं, “आजोबा, भूत कधी चमकणारी पट्टी लावतं का?” मी सांगितलं, गोव्यातलं लावतं, नाहीतर ट्रॅफिकवाले चलन फाडतात. तिला पटलं.

नातवाचा ड्रॅक्युलाचा झगा ऑनलाइन आला होता. काळा, चकचकीत, आतून लाल. हातात घेऊन बघितला तेव्हा तीन गोष्टी दिसल्या. लांबी एवढी की पुढून दोन बोटं जमिनीवर लोळत होता. गळ्याशी बांधायला दोरी होती, जाड आणि पक्की. आणि कापड असं की बोटांत चुरगाळलं तर प्लास्टिकच्या पिशवीसारखा आवाज यावा. लांबीचं काम सोपं होतं, घोट्याच्या चार बोटं वर दुमडून टीप मारली. दोरी मी सरळ कापून टाकली. लिफ्टच्या दारात, घसरगुंडीच्या टोकाला, गेटच्या सळईत झगा अडकला आणि पोर पुढे धावलं तर ती दोरी गळा आवळणार. तिच्या जागी म्हापशाच्या बाजारातून आणलेल्या वेल्क्रोचा इंचभर तुकडा शिवून घेतला. ओढून बघा, जरा हिसका बसला की सुटला पाहिजे. सुटत नसेल तर तुकडा अजून लहान करा.

कापडाचा तो आवाज म्हणजे पॉलिएस्टर. ते पेटलं तर वितळून अंगाला चिकटतं. आतून सुती बनियन आणि सुती पायजमा घालायचाच, कितीही उकडलं तरी. आणि ऑक्टोबरात उकडतंच, तेव्हा बरोबर पाण्याची बाटली. हॅलोविन आणि दिवाळी हातात हात घालून येतात हे आपल्याकडचं वेगळं गणित; २०२४ साली तर ३१ ऑक्टोबरच्या पहाटे नरकासुराचे पुतळे जाळले आणि त्याच संध्याकाळी पोरं भुतं होऊन फिरली. दारोदार उंबऱ्यालगत पणत्या आणि त्यावरून जाणारे हे लोळणारे झगे! म्हणून ग्रुपवर आधीच सांगायचं: पोरांची फेरी होईपर्यंत पणत्या दाराच्या बाजूला नको, खिडकीत किंवा उंच ठेवा. भोपळा कोरून आत मेणबत्ती ठेवणाऱ्यांना बॅटरीवरचा दिवा द्या, बाजारात दिवाळीसाठी आलेलेच असतात. कपड्याने पेट घेतलाच तर पोराला पळू द्यायचं नाही. थांबायचं, जमिनीवर पडायचं, हातांनी तोंड झाकून लोळायचं. हे घरात गादीवर एकदा करून घ्या, पोरांना खेळ वाटतो. भाजलं तर नळाखाली वीस मिनिटं पाणी, टूथपेस्ट किंवा तूप काही नाही, आणि डॉक्टर.

मुखवट्याला माझा सरळ नकार आहे. मुखवटा लावून रस्त्यावर चालणं म्हणजे आरशाशिवाय बस रिव्हर्स घेणं. तुम्हाला शंका असेल तर पोराला मुखवटा घाला, समोर बघायला सांगा, खांद्याच्या रेषेत हात धरा आणि विचारा, किती बोटं? मान वळवल्याशिवाय सांगता येणार नाही. त्यापेक्षा तोंड रंगवा. रंग आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला थोडा लावून बघायचा, खाज किंवा लाली आली तर तो रंग नको. डोळ्यांत घालायच्या रंगीत लेन्सेस मोठ्या मुली मागतात. डोळ्यांच्या डॉक्टरने दिल्याशिवाय काहीही डोळ्यात घालायचं नाही, विषय संपला. पायात स्वतःचे रोजचे बूट. आईचे उंच टाचांचे सँडल घालून चेटकीण झालेली मुलगी जिन्यावर पडणारच.

रस्त्याचं सांगतो. फेरीच्या दोन-तीन दिवस आधी, सातच्या सुमाराला, एकटं जाऊन सगळा मार्ग चालून या. दुपारी नको, दुपारी सगळं सुरक्षितच दिसतं. हातात बॅटरी असू द्या आणि तिचा झोत गुडघ्याखाली मारत चला. आमच्या गेटपासून जुन्या वाड्याकडे जाणाऱ्या रस्त्याला मी असाच गेलो तेव्हा गटारावरची एक लादी मधोमध तुटलेली दिसली. तिच्यावर पावसात वाढलेलं गवत आडवं पडलेलं. दिवसा तिथे नुसती हिरवळ दिसते. पोराचा पाय मांडीपर्यंत आत गेला असता. पंचायतीला कळवणं वेगळं, ती लादी ३१ तारखेपर्यंत बदलेल या आशेवर राहायचं नाही. आम्ही तो रस्ताच फेरीतून काढला.

जुन्या घरांच्या आवारात विहिरी असतात, काहींचे कठडे पोराच्या कमरेएवढेही नाहीत. चिऱ्यांच्या गडग्यावर चढून उडी मारायचा मोह प्रत्येक पोराला होतो आणि पलीकडे काय आहे ते काळोखात दिसत नाही. ऑक्टोबरच्या शेवटी भाताची कापणी चालू असते, उंदीर आणि त्यांच्यामागे साप वस्तीकडे सरकतात; नाग, घोणस, फुरसं, मण्यार, या चारही विषारी जाती आपल्याकडे आहेत. शेताच्या कडेने, पडीक प्लॉटमधून शॉर्टकट नाही. चावलंच तर कापायचं नाही, चोखायचं नाही, आवळून बांधायचं नाही. पोराला स्थिर ठेवून १०८ ला फोन आणि थेट मोठं इस्पितळ.

हायवे ओलांडायचाच नाही. एनएच ६६ च्या पलीकडे कितीही चांगली चॉकलेटं मिळत असली तरी नाही. ज्यांना पलीकडच्या मित्राकडे जायचं आहे त्यांना गाडीने सोडा आणि तिथल्या गेटच्या आत उतरवा, पोराला डाव्या दाराने उतरवा. फुटपाथ नसलेल्या रस्त्यावर चालायची वेळ आली तर उजव्या कडेने, समोरून येणारी गाडी तोंडावर दिसेल असं, आणि एका रांगेत.

पण खरं सांगू, रस्त्यापेक्षा मला सोसायटीचं पार्किंग जास्त घाबरवतं. गेटच्या आत आलो म्हणजे सुटलो असं आईबापांना वाटतं आणि ते हात सोडतात. आजकालच्या उंच गाड्यांची मागची काच पाच वर्षांच्या पोराच्या डोक्याच्या वर असते. गाडी मागे घेणाऱ्याला ते पोर दिसतच नाही, आणि मागचा कॅमेरा पावसाळाभराच्या चिखलाने आंधळा झालेला असतो. म्हणून आम्ही एक ठराव केला आणि मी तर म्हणेन सगळ्या खबरदाऱ्यांत हीच एक केली तरी अर्धं काम झालं: साडेपाच ते साडेसात गेटच्या आत एकही गाडी हलणार नाही. ज्याला बाहेर जायचंय त्याने आधीच गाडी बाहेर लावावी. जेवण आणून देणाऱ्या पोरांनी स्कूटर गेटवर ठेवून चालत यावं, वॉचमनला तसं सांगून ठेवायचं आणि त्याला एक रिफ्लेक्टर जॅकेट आणि शिटी द्यायची. पहिल्या वर्षी एक-दोघांनी कुरकुर केली. त्यांची नातवंडं फेरीत आली आणि कुरकुर थांबली. पोरांना मात्र एक खूण शिकवा: गाडीच्या मागे पांढरा दिवा लागला म्हणजे ती मागे येणार. जागच्या जागी थांबायचं आणि मोठ्याने ‘थांबा’ ओरडायचं.

कुठल्या दारी जायचं हे आधी ठरलेलं हवं. ज्यांना पोरं आलेली चालतात त्यांनी दाराला नारिंगी रिबन किंवा कागद लावायचा. रिबन नाही तर बेल नाही. घरात म्हातारं माणूस आजारी असेल, तान्हं बाळ असेल, कुणाला हे सगळं पटत नसेल. त्यांना त्रास द्यायचा हक्क पोरांना नाही. गेटबाहेरच्या जुन्या घरांत ज्यांच्याशी बोलणं झालंय तिथेच, आणि तिथेही बाल्कांवापर्यंतच, म्हणजे दारापुढच्या ओसरीपर्यंतच. सोप्यावर बसा, खाऊ घ्या, ‘देव बरे करूं’ म्हणा, निघा. कितीही ओळखीचं असलं तरी मोठं माणूस बरोबर असल्याशिवाय घराच्या आत नाही. भाड्याने दिलेल्या व्हिला, जिथे दर आठवड्याला नवीन माणसं आणि संध्याकाळपासून संगीत, तिथे फिरकायचं नाही. सिमितेरीत, म्हणजे ख्रिस्ती दफनभूमीत, तर भुताचे कपडे घालून कुणीही जाऊ नये. हॅलोविनच्या मागोमाग २ नोव्हेंबरला आपले ख्रिस्ती शेजारी आपल्या गेलेल्या माणसांच्या कबरींवर फुलं-मेणबत्त्या घेऊन जातात; ती साफसफाई आधीपासून चालू असते. हे पोरांना सांगायला हवं, आणि नुसतं ‘नको’ म्हणून नाही, का नको तेही.

एवढ्या पोरांवर लक्ष कोण ठेवणार? बसचा साधा नियम आहे. पुढे ड्रायव्हर, मागे कंडक्टर. सहा-सात पोरांच्या गटाला दोन मोठी माणसं, एक सगळ्यात पुढे, एक सगळ्यात मागे. मागच्याने कधीही पुढे जायचं नाही, स्वतःचं पोर रडलं तरी नाही. प्रत्येक पोराला एक आकडा द्यायचा आणि प्रत्येक बिल्डिंगमधून बाहेर पडताना पोरांनी आपापला आकडा ओरडायचा. मोठ्यांनी नुसतं डोक्यांवरून बोट फिरवून मोजलं तर एकसारख्या काळ्या झग्यांत हमखास घोळ होतो, एकच ड्रॅक्युला दोनदा मोजला जातो. लिफ्ट नको, जिन्याने. लिफ्टमध्ये चार पोरं वर गेली आणि तीन खाली राहिली की गट फुटला. खिशात एक चिठ्ठी, तिच्यावर फक्त आईबापाचा फोन नंबर. पोराचं नाव पाठीवर मोठ्या अक्षरांत लिहायची गरज नाही, नाव घेऊन हाक मारणारा पोराला ओळखीचाच वाटतो. आणि बरोबर चालणाऱ्यांनी फोन खिशात ठेवावा. फोटो सुरुवातीला काढा, सगळे एकदम, म्हणजे कुणी कुठला पोशाख घातलाय त्याची नोंदही झाली.

बारा-तेराच्या पुढच्यांना आजोबा मागे चाललेले आवडत नाहीत. त्यांच्याशी सौदा करायचा: तिघांपेक्षा कमी नाही, गेटच्या बाहेर नाही, लाइव्ह लोकेशन चालू, साडेसातला परत. हरवलो किंवा कुणी त्रास दिला तर वॉचमनकेबिन किंवा ज्या घरात बायका-पोरं दिसतात ते घर. ११२ पोलिसांसाठी आणि १०९८ चाइल्डलाइन, दोन्ही नंबर पाठ हवेत. कुणी अंगाला नको तसा हात लावला, आत बोलावलं, ‘आईला सांगू नको’ म्हणालं, तर घरी सांगितल्यावर आपण ओरडणार नाही, ही खात्री पोराला आधी द्यायला हवी. आणि मोठ्यांनो, ज्याच्यावर पोरांची जबाबदारी आहे त्याने फेरी संपेपर्यंत ग्लास हातात घ्यायचा नाही. गच्चीवरची तुमची पार्टी आठनंतर सुरू झाली तर काही बिघडत नाही.

कुत्र्यांचा विषय गोव्यात टाळता येत नाही. रोज पोरांबरोबर खेळणारं कुत्रंही झगा, रंगवलेलं तोंड आणि आरडाओरडा बघून बिथरतं. घरच्या कुत्र्याला त्या दोन तासांसाठी आतल्या खोलीत ठेवा. रस्त्यावरचं अंगावर आलं तर पळायचं नाही, डोळ्यांत बघायचं नाही, हात अंगाशी घेऊन उभं राहायचं. चावलं, किंवा नुसता दात-नखाचा ओरखडा आला, तरी साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायचं. हळद, चुना, तिखट काही भरायचं नाही. त्याच रात्री म्हापशाचं जिल्हा इस्पितळ किंवा बांबोळीचं गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज, गाठायचं, सकाळची वाट बघायची नाही. आणि चॉकलेट कुत्र्याला विषासारखं असतं, त्यामुळे पोरांनी दयाळूपणा दाखवून त्याला देऊ नये.

खाऊबद्दल थोडक्यात, कारण त्याबद्दल सगळेच बोलतात. विषाची भीती सोडा, पण शेंगदाणा आणि काजूची ॲलर्जी खरी असते, आणि गोव्यात काजू कशात नसतो ते सांगा. अशा पोराच्या पालकांनी ग्रुपवर आधी कळवावं, आणि घरी पोचून पाकिटावरचं वाचल्याशिवाय पोराने तोंडात काही टाकू नये. चार वर्षांखालच्यांना गोल कडक गोळ्या, च्युइंगगम, अख्खे शेंगदाणे, काजू नाहीत, घशात अडकतात. चालता-धावता कुणीच गोळी चघळायची नाही. घरच्या नेवऱ्या, शंकरपाळे शेजारणीने दिले तर मी आनंदाने घेतो, कुणाच्या घरचे आहेत ते माहीत असतं. अनोळखी घरचं सुटं असेल तर राहू द्या.

आता हे सगळं वाचून कुणी म्हणेल, आमच्या गावात हॅलोविन नाहीच. नसेल. पण नरकासुर आहे ना? माझ्या मते ती रात्र पोरांसाठी हॅलोविनपेक्षा अवघड. हॅलोविन दोन तासांत आटोपतो, नरकासुराच्या स्पर्धा पहाटेपर्यंत चालतात. वरचेच नियम लावा, आणखी तीन सांभाळा. पहिला, आवाज. भिंतीएवढ्या स्पीकरसमोर पोराला खांद्यावर घेऊन नाचणारे बाप मी दरवर्षी बघतो. पोराच्या कानाला त्याची किंमत मोजावी लागते. लांब उभं राहा, कानात बोळे द्या, आणि छातीत धडधड जाणवली की घरी चला. दुसरा, जाळणं. नरकासुराच्या पोटात आणि डोक्यात फटाके भरलेले असतात आणि तो कुठल्या बाजूला कोसळेल हे बांधणाऱ्यालाही सांगता येत नाही. त्याच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर पोरं हवीत, वारा पाठीशी ठेवून. तिसरा, जळल्यानंतर. सांगाडा रस्त्यातच पडलेला असतो. खिळे, तारा, गरम सळया. पोरं लोखंड गोळा करायला धावतात, त्यांना आवरा. बुटांशिवाय कुणीही तिथे जायचं नाही. पोराला मागे बसवून स्कूटरने परतत असाल तर त्या चौकात उतरा आणि स्कूटर हाताने ढकलत पलीकडे न्या, तारेत चाक अडकलं तर दोघंही खाली येता. घरी पोचेपर्यंत अभ्यंगाचं पाणी तापलेलं असतंच.